डचेस चावली तो हात

कॉर्बिन ओढा, वरचा काठ
७ ऑगस्ट २०११

लोर्ना,

जर्दाळूच्या मुरांब्याची बरणी पोचली. बरणीच म्हणतो, कारण आतला मुरांबा तुझ्या लेकानं ट्रकमध्ये बसून बोटानं संपवला. चोवीस वर्षांचा घोडा झाला, पण मिशीला लागलेलं पुसायची अक्कल नाही. तरी टोबिनला इकडे पाठवलंस हे बरं केलंस. लाकडाच्या गिरणीत पाठ मोडल्यापासून तो वेदनेच्या गोळ्यांवर जगतोय, हे तू दर पत्रात लिहीत होतीस. मी डोळ्यांनी आत्ता पाहिलं. आला तेव्हा थरथरत होता, घामानं गादी भिजवत होता, भिंतीशी भांडत होता. मी काही विचारलं नाही. झोपताना आपल्याच गांजाच्या झाडाचा चार झुरके धूर दिला आणि दिवसभर हातात फावडं दिलं. आता झोपतो. डचेस त्याच्या पायाशी झोपते. ही कुत्री माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती, आता ह्याच्या ताटातलं खाते. बेइमान.

झाडं खांद्याएवढी झालीत. लोर्ना, मला अजून सवय होत नाही. इतकी वर्षं मी हेच झाड चोरासारखं लावलं. हेलिकॉप्टरचा आवाज आला की झुडपात पालथा पडायचो. आता औषधासाठी लावायला कायद्यानं मुभा आहे, हेलिकॉप्टर आलं की टोपी हलवतो. फाटकावर माझ्या सगळ्या आजाऱ्यांच्या डॉक्टरी चिठ्ठ्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठोकल्यात, ओढ्यावरचे सगळेच ठोकतात. ही झाडं अमक्याच्या मणक्यासाठी, ती तमकीच्या फेफऱ्यासाठी. शेरीफची माणसं येतात, वाचतात, झाडं बघतात, माझी कॉफी पितात आणि कॉफीला नावं ठेवून जातात. मधोमध आपल्या पेनरोजबाईंची चिठ्ठी लावलीय. नाव, पत्ता, आजार, सगळं ठळक. ज्या बाईंनी मला भागाकार येत नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, त्यांच्या हाडांच्या कॅन्सरचं औषध मी पिकवतोय. बघ म्हणावं, बाई, उत्तर आलं.

आणखी एक. सुकवणीच्या खोपटाच्या दाराला दोरी बांधून मी आजोबांची दुनळी बंदूक लावायचो, ती काढून टाकली. तू किती वर्षं मागं लागली होतीस. शेजारचा क्लेमंट खो खो हसला. म्हणाला, "ऑरिन, कागदानं गोळी अडत नाही." मी म्हटलं, "थेरड्या, कागद वाचणारा माणूस गोळी मारत नाही."

टोबिनला पुढच्या आठवड्यात खाली सोडतो. फोन करू नकोस. पुलापलीकडच्या दुकानात फोन आहे आणि दुकानात कान आहेत. इथं फोनवर कुणी कामाचं बोलत नाही, कायदा आला म्हणून जीभ सैल सोडायची नसते.

ऑरिन


ट्रिलियम बे
१९ ऑगस्ट २०११

ऑरिन,

माझा मुलगा परत दिलास. त्यानं आल्या आल्या भांडी घासली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती बघत होते. त्याला वाटलं काही फुटलं.

पेनरोजबाईंकडे रविवारी गेले होते. तुझं तेल जिभेखाली घेतात, तोंड वाकडं करतात आणि तासाभरानं भूक लागली म्हणतात. माझ्यासमोर कोंबडीची तंगडी संपवली, हाड चोखलं. ज्या बाईंना मी वसंतात मॉर्फिनवर नुसती पडून पाहिलं त्या. मला म्हणाल्या, "लोर्ना, ऑरिनला सांग, चवीत त्याला अजूनही नापासच." चिठ्ठी तुला द्यायला मीच त्यांना राजी केलं होतं. त्यामुळे त्या खाताना दिसल्या की मला आपणच काही मोठं केल्यासारखं वाटतं.

पण तू तिकडे टोपी हलवतोस आणि मी इकडे इमर्जन्सीत उभी असते. माझ्या बाजूचंही ऐक. परवा तीन वर्षांची पोर आणली, आजीच्या औषधाचा केक खाल्लेला, हाक मारली तरी डोळे उघडेनात. पोर वाचली. आजी अजून रडतेय. एक मनुष्य दर महिन्याला येतो, उलट्यांनी आतडं बाहेर येईल असा ओकतो, गरम पाण्याखाली बसलं की बरं वाटतं म्हणतो. धूर सोड म्हटलं तर म्हणतो, "धूर तर उलटीवरचं औषध आहे ना?" आणि गेल्या गुरुवारी दोघे आणले, बंद ट्रेलरमध्ये लायटरचा गॅस वापरून तेल काढत होते. एकाच्या हाताची कातडी माझ्या हातात मोज्यासारखी उतरली. तीच वनस्पती, ऑरिन. एका खोलीत जेवायला लावते, दुसऱ्या खोलीत जाळते.

म्हणून सांगते, फाटकावरच्या चिठ्ठ्यांतले पत्ते झाक. काळ्या पट्टीनं चिकटव. तो कागद शेरीफसाठी आहे, रस्त्यानं जाणाऱ्यासाठी नाही. आणि काही झालंच तर सरळ शेरीफला बोलाव. तू आता कायद्याचा माणूस आहेस. ओढ्यावरची जुनी रीत ओढ्यातच सोड.

टोबिनला एक मित्र मिळालाय, रस्क नावाचा. मोठा, लाल दाढीचा, छप्पर उडेल असं हसतो. मला "मॅडम" म्हणतो. पाठीच्या व्यायामाला टोबिनला तोच गाडीतून नेतो. बरं वाटतं, पोरगं माणसांत आलं.

लोर्ना


कॉर्बिन ओढा
१२ सप्टेंबर २०११

लोर्ना,

उजवा हात भाजलाय, म्हणून डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. मी धिरड्यांचं पीठ ढवळत होतो. डचेस गुरगुरली, मग भुंकली, आणि दार आत आलं. दार उघडलं नाही, आत आलं, बिजागऱ्यांसकट. तिघे होते, तोंडावर लोकरीच्या टोप्या ओढलेले. पहिल्यानं बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर मारला. पुढचे दात पिठात पडले. हे विनोदानं लिहीत नाही, ते खरोखर पिठात पडले आणि बुडाले.

डचेसनं दुसऱ्याला धरलं. डाव्या हाताला, मनगटाच्या वर, आणि ती लोंबकळत राहिली. तो ओरडला नाही. दात ओठात रुतवून उभा राहिला, तिला झटकलंही नाही. तिघांतल्या मोठ्या माणसानं येऊन तिच्या कानाला बंदुकीची नळी लावली. त्यानंतर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे मी अजून बघितलेलं नाही.

मला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी चुलीच्या पायाला बांधलं. चूल पेटलेली होती. मोठा विचारत होता, "बाकीचा माल कुठे आहे, आजोबा?" बाकीचा माल झाडावरच आहे, कापणी महिन्यावर आहे, हे त्या गाढवाला पटेना. लवकरचं जे थोडं काढलं होतं ते क्लेमंटच्या गोठ्यात टांगलंय, ते मी सांगणार नव्हतो. त्यानं माझा पंजा चुलीच्या तव्यावर दाबला आणि हसला. काय हसला, लोर्ना, खिडकीची काच वाजली. मी ओरडलो, पण सांगितलं नाही. तिसरा खोपटं उलटीपालटी करत होता. आणि तो चावलेला, तो सबंध वेळ एक शब्द बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा होता.

गेले. दुपारी क्लेमंटनं पट्ट्या कापल्या.

शेरीफला बोलावलेलं नाही. बोलावणारही नाही. ओढ्यावर आजवर कुणी बोलावलं नाही, आणि माझ्यापासून सुरुवात होणार नाही. क्लेमंट, त्याचे मुलगे आणि वरच्या काठावरचे आणखी काही जण गाड्या घेऊन निघालेत. बंदुका मागच्या सीटवर आहेत. सगळे एकच गोष्ट शोधतायत: डाव्या हाताला कुत्रं चावलेला माणूस. कुत्र्याचा चावा घरी बरा होत नाही, तो सडतो. तुझ्याकडे येईलच. आला की मला फक्त नाव सांग. तू नर्स आहेस, तुझी शपथ वगैरे मला ठाऊक आहे. पण तू माझी बहीण आधी झालीस.

डचेसला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. तिच्या शेजारी दुसरा खड्डा खणून ठेवलाय. तो कुत्र्याच्या मापाचा नाही.

ऑरिन


ट्रिलियम बे
१४ सप्टेंबर २०११

ऑरिन,

हात उघडा ठेव, त्यावर लोणी फासू नकोस, सोबत मलम पाठवते आहे. दातांसाठी खाली यायलाच हवं, पण आत्ता येऊ नकोस. खरंच येऊ नकोस.

तुला अजून कळलेलं दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या पाळीत पेनरोजबाईंना आणलं. तुझ्याकडून ते तिघे थेट त्यांच्याकडे गेले. तुझ्या फाटकावरची त्यांची चिठ्ठी स्वयंपाकघराच्या टेबलावर सापडली, प्लॅस्टिकसकट, खिळ्याच्या जागी फाटलेली. माल तुझ्याकडे नाही, मग तो ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या घरी असणार, असा त्यांनी हिशेब केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या घरी. कॅन्सरनं हाडं आधीच वाळल्या काटक्यांसारखी झालेली. त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून मोडली, ऑरिन. प्रत्येक बोटाआधी विचारलं. आणि बाईंजवळ होती फक्त ती तेलाची बाटली, ती त्यांनी पहिल्या बोटाआधीच दाखवली होती. मग ढकलून दिलं. खुबा गेला.

मी त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधत होते आणि त्या मला सांगत होत्या, "घाबरू नकोस गं." मला.

एक गोष्ट त्यांनी शेरीफच्या माणसालाही सांगितली. दोघे बाहेर गेल्यावर एक जण मागं राहिला. त्यानं त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, फोन हाताजवळ आणून ठेवला. एक शब्द न बोलता. त्या फोनमुळेच बाई जिवंत आहेत.

मी पत्ते झाकायला सांगितलं होतं. असू दे. तुझ्या हाताकडे बघून तुला ते कळलं असेल.

माझ्या पाळीत कुत्रा चावलेला कुणी आलेला नाही. आला तरी तू नाव मागू नकोस. शेरीफची माणसं पेनरोजबाईंच्या घरून बोटांचे ठसे घेऊन गेलीत, त्यांचं ते करतील. तू त्यांना काही सांगायला जाऊ नकोस, मुद्दाम आपणहून तरी नको. क्लेमंटला घरी बसव. तो खड्डा बुजव. मी हात जोडते.

लोर्ना

डचेसला रेबीजची लस दिलेली होती ना? शेवटची कधी दिली ते तेवढं उलट टपाली कळव. तिचं रक्त तुझ्या तोंडावर उडालं असेल म्हणून विचारते.


कॉर्बिन ओढा
१७ सप्टेंबर २०११

लोर्ना,

पेनरोजबाईंचं वाचून मी फाटकापाशी गेलो. मधला खिळा रिकामा आहे. रोज त्या फाटकातून जातोय, आणि ती जागा रिकामी झालेली मला आठवडाभर दिसली नाही. कागद वाचणारा माणूस गोळी मारत नाही, असं मीच म्हटलं होतं ना. क्लेमंटनं मला त्याची आठवण करून दिली नाही. यापेक्षा त्यानं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. डचेसला कधीच सुई लागली नव्हती. डोंगरावरची कुत्री, तिला कोण डॉक्टरकडे नेतो. आणि आता तू विचारलंस म्हणून आठवतं, जुलैत तिची एका स्कंकशी झटापट झाली होती. दिवसाढवळ्या अंगणात आलेला, पिसाळल्यासारखा झोकांड्या खाणारा, घाण वासाचा रानटी स्कंक. शेवटी शेवटी ती पाण्याला तोंड लावत नव्हती आणि तोंडातून लाळ गळत होती. मी म्हटलं, उन्हाळा आहे. तिचं डोकं तपासायला पाठव म्हणशील, तर तेही जमणार नाही. मी तिला जाळली.

माझी काळजी नको. माझ्या तोंडात रक्त होतं ते माझंच होतं. पण तिचे दात ज्याच्या मांसात गेले त्याचं काय होईल, हे तू मला शिकवायची गरज नाही. आपल्या लहानपणी खालच्या गिरणीतला तो पोरगा आठवतो? खाटेला बांधला होता. पाण्याचा पेला दाखवला की किंचाळायचा. तू कान झाकून घ्यायचीस.

बाकी इकडची बातमी. क्लेमंटच्या टोळीला बुधवारी पुलाजवळ एक जण भेटला, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेला. "फडकं सोड" म्हणाले, तो पळाला. त्यांनी त्याला दगडांवरून फरपटत आणला, क्लेमंटच्या थोरल्यानं लाथा घातल्या. फडकं सोडल्यावर करवतीची जखम निघाली. सुतार होता. त्याच्या बरगड्या मोडल्या, एका कानानं आता ऐकू येत नाही. एखाद्याला वाटेल, आतातरी थांबतील. उलट, चुकीचा माणूस मारला म्हणून जास्त पेटलेत. महिनाअखेरच्या शुक्रवारी किनाऱ्याकडे निघणार आहेत. तुमच्या गावात, लोर्ना. घरोघर बाह्या वर करायला लावणार आहेत. त्यांना थांबवायला मला सांगू नकोस, मारलेली कुत्री माझी होती, पण राग आता माझा राहिलेला नाही.

तू नर्स आहेस. पुढचं मी काय सांगू.

ऑरिन


ट्रिलियम बे
२४ सप्टेंबर २०११

ऑरिन,

तुला नाव हवं होतं. टोबिन.

तुझं पत्र मंगळवारी आलं. स्वयंपाकघरात त्याला समोर बसवून मी ते मोठ्यानं वाचलं. आधी तो हसला. मग गिरणीतल्या पोराच्या ओळीपाशी त्याचा चेहरा पांढरा पडला. बाही वर केली. बारा दिवस मला म्हणत होता, काटेरी तार लागली. तार! मी रात्रंदिवस जखमा बघते, मला त्यानं तार सांगितली आणि मी मान हलवली. मीच जखम धुतली, मीच गोळ्या आणून दिल्या, आणि त्याच वेळी तुला लिहीत होते की माझ्या पाळीत कुणी आलं नाही. ते खरं होतं. माझ्या पाळीत नव्हतं, माझ्या घरात होतं.

बुधवारी सकाळी त्याला इस्पितळात नेलं. चावलेल्या जागी, त्या जांभळ्या मांसातच, सभोवार सुया टोचतात. तो टेबलाची कड धरून होता. चाव्याची नोंद आरोग्य खात्याला द्यावी लागते, कुत्रा कोणाचा, कुठला, ते लिहावं लागतं. मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. तासाभरानं शेरीफचा माणूस आला, खुर्ची ओढून बसला आणि इतकंच म्हणाला, "बाळा, तो कुत्रा आता कुठे आहे?" टोबिननं सगळं सांगितलं. कुणी हात उगारला नाही त्याच्यावर. गोळ्या रस्क द्यायचा. तुझ्याकडून आल्यावर तो गोळ्यांतून सुटून कोरडा होता, ऑरिन, खरंच कोरडा होता, आणि रस्कनं व्यायामाला नेता नेता त्याला परत ओला केला. मग उधारी, मग एक दिवस, "तुझ्या मामाचं फाटक कुठे आहे ते फक्त दाखव."

दुपारी शेरीफची माणसं रस्कच्या ट्रेलरवर गेली. तो आत गॅसवर तेल काढत होता. दारातून बंदूक चालवली, एका शिपायाची मांडी फुटली. नंतर कुणाच्या ठिणगीनं पेटलं कुणास ठाऊक, ट्रेलर डब्यासारखा फुटला. त्याचा भाऊ, म्हणजे तुझा तिसरा, खिडकीतून पडला आणि पकडला गेला. रस्कला माझ्याकडे आणलं. दाढी नव्हती, ओठ नव्हते. मला ओळखलं. "मॅडम," म्हणाला. मी त्याच्या अंगाला चिकटलेली बाही कापली, नळी घातली, माझ्या हातानं जे जे करायचं ते सगळं केलं. काही कमी केलं नाही, हे तुलाच सांगते. पहाटे गेला.

टोबिन तुरुंगात आहे. क्लेमंटला सांग, हात सापडला, गाड्या वळव.

माझ्या पोरासाठी तू खड्डा खणला होतास. कुणासाठी ते ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. पण मी त्या ओळीवरून पुढे जाऊ शकत नाही. मला काही दिवस लिहू नकोस.

लोर्ना


कॉर्बिन ओढा
२९ सप्टेंबर २०११

लोर्ना,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे लिहायलाच हवं. नंतर हवं तर चुलीत घाल.

सुया थांबव. डचेस धडधाकट होती. एप्रिलमध्ये खोऱ्यातल्या गुरांच्या डॉक्टरनं तिला लस टोचली. बिल्ला गळ्यात होता, पुरताना मी काढून खिशात ठेवला. सोबत पाठवतोय, त्यावर साल कोरलंय. स्कंक नव्हता. लाळ नव्हती. तिला जाळलीही नाही, ती सफरचंदाखालीच आहे. मी खोटं लिहिलं, सगळं.

तुझ्या पत्राच्या तळाच्या त्या दोन ओळींनी मला सांगितलं. मेलेल्या कुत्रीच्या लशीची चौकशी कोण करतं? ज्याच्या घरात चावलेला माणूस जिवंत आहे तो. आणि वर "शेरीफला सांगू नकोस." महिनाभर आधी मला कायद्याचा माणूस म्हणणारी तू. मी ते दोनदा वाचलं आणि मग त्या सकाळचा तो दुसरा माझ्या डोळ्यांपुढे आला. डचेस हातावर लोंबकळतेय आणि तो तिला झटकत नाही. कोण झटकणार नाही? ज्याच्या पायाशी ती झोपत होती तो. तिनं त्याला टोपीत ओळखला नाही, दारातून आलेल्या माणसांना ती चावली. पण त्यानं तिला ओळखली.

ते कळलं तेव्हा मी खड्ड्यापाशी जाऊन बसलो. क्लेमंट आला, म्हणाला, "कुणाचा विचार करतोस?" मी म्हटलं, "मापाचा." लोर्ना, त्या बसण्यात मी त्याला मनात मारला होता. पुरलाही होता. मग उठलो. तो सुतार माझ्या डोक्यात होता, दगडांवरून फरपटत आणलेला. शुक्रवारी क्लेमंटनं तुझ्या दारात टोबिनची बाही वर केली असती तर मी अडवू शकलो नसतो. आणि खरं सांगू, अडवलं असतं की नाही, तेही मला माहीत नव्हतं. त्याला आमच्यापासून लपवायला एकच जागा होती, तिला बाहेरून कुलूप लागतं. तू त्याला हातानं तिथं नेणार नव्हतीस. आईला ते कुणी सांगू नये. म्हणून मी तुला भीती घातली. तुझ्या विद्येचीच घातली.

खड्डा बुजवला. पत्ते सगळे खरवडले. फाटकावर आता नुसती नावं आहेत, तीही पुसट. क्लेमंट सुताराच्या घराचं छप्पर घालून देतोय. सुतार त्याच्याशी बोलत नाही, फळ्या मात्र हातात देतो.

सुया थांबव. पोराला कारण नसताना टोचू नकोस. कसा आहे तो?

ऑरिन


ट्रिलियम बे
३ ऑक्टोबर २०११

ऑरिन,

शनिवारी तुरुंगात कैद्यांनी त्याचा जबडा मोडला. रस्कचं नाव सांगितलं म्हणून. जेवणाच्या ताटानं मारलं, पडल्यावर टाचेनं. आता तो माझ्याच मजल्यावर आहे, दारात शिपाई बसलाय, टोबिनचे दात तारेनं बांधलेत. नळीनं दूध ओढतो. बोलता येत नाही, म्हणून पाटीवर लिहितो. काल लिहिलं, "मामाच्या हाताचं कसं आहे?" काय सांगू, ते तू कळव.

दोन दारांपलीकडे पेनरोजबाई आहेत. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. काल त्याच म्हणाल्या, "तो उशीवाला इथंच आणलाय ना? मी त्याला चौथीत शिकवलंय, लोर्ना. डोक्याखाली उशी देताना तो तळहात पालथा धरतो, वही सरकवल्यासारखा. तोंड झाकून काय होतं." मी विचारलं, मग शेरीफला का नाही सांगितलं? म्हणाल्या, "तो स्वतः सांगतो का, ते बघत होते." मग प्लास्टरमधला हात वर करून म्हणाल्या, "त्याला माफ केलं असं समजू नकोस. माझं लिहिणं गेलं. त्याला म्हणावं, बोलता आलं की इथं येऊन माझ्यासमोर उभं राहायचं." आणि तुला निरोप आहे, तेल संपलंय, ह्या वेळी स्वतः घेऊन ये, कुणाबरोबर पाठवू नकोस. तुझ्या फाटकावरची जागा त्यांची आहे, ती रिकामी ठेवायची नाही, असंही म्हणाल्या. नवी चिठ्ठी सोबत आहे. पत्त्याची ओळ त्यांनी माझ्याकडून कात्रीनं कापून घेतली.

आता तुझ्या खोट्याबद्दल.

तुझं ते स्कंकचं पत्र त्या मंगळवारी दुपारी आलं. वाचून संपायच्या आत मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "ऑरिन स्टॅगची कुत्री? एप्रिलमध्येच टोचली. माझा अंगठा फोडला हो तिनं." आणि मुळात तूच आधीच्या पत्रात लिहिलं होतंस, सफरचंदाखाली पुरली. इतकी वर्षं हेलिकॉप्टरला फसवलंस आणि बहिणीशी दोन पत्रांत एकसारखं खोटं बोलता येत नाही तुला.

फोन ठेवला. खुर्चीत बसले. टोबिन आत झोपला होता, हात सुजून काळा पडत चाललेला. मला ठाऊक होतं की तो मरणार नाही, निदान त्या रोगानं नाही. मला हेही ठाऊक होतं की पेनरोजबाईंच्या बोटांजवळून मी रोज जाते आणि घरी येऊन त्याला सूप देते. मला त्याला शेरीफपुढे न्यायचं होतं, ऑरिन. बारा दिवस न्यायचं होतं. कारण मिळत नव्हतं. तू ते पाकिटात घालून पाठवलंस.

मग त्याला उठवलं, समोर बसवलं आणि तुझं पत्र वाचलं, विश्वास बसल्यासारखं, रडत. रडणं खोटं नव्हतं. त्यानं विचारलं, "आई, मी मरेन?" मी म्हटलं, "आलास नाहीस तर मरशील." ते मी रोगाबद्दल म्हटलं की क्लेमंटबद्दल की त्या गोळ्यांबद्दल, मला विचारू नकोस.

त्याला अजून वाटतं की त्या सुया त्याला वाचवतायत. दर सुईच्या वेळी मुकाट दंड पुढे करतो, लहानपणी करायचा तसा, तोंड भिंतीकडे वळवून. शेवटची बुधवारी आहे. मी पाळी बदलून घेतली आहे. ती मीच देणार आहे.

बिल्ला परत पाठवते. तिच्याबरोबर सफरचंदाखाली पुर. टोबिनला तो कधीही दिसता कामा नये.

लोर्ना